डाऊन सिंड्रोमवालं पोर आणि केमो: घरातल्यांनी काय काय सांभाळायचं

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम, आणि चार वर्षांचा असताना एएलएल निघाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. आम्ही सातारा जिल्ह्यातले, ट्रीटमेंट मुंबईत. वर्षभरात जे शिकलो ते लिहितेय. ट्रीटमेंट कुठली द्यायची हे डॉक्टर ठरवतात, त्यात मी बोलणार नाही, पण डॉक्टरांना कॅन्सर कळतो, आपलं पोर कळत नाही. ते आपल्यालाच सांगावं लागतं, रोज, प्रत्येक ड्युटीच्या नवीन सिस्टरला.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की तुमचं काहीतरी चुकलं म्हणून झालं. एकविसाव्या क्रोमोझोमची जादा कॉपी असते त्यामुळेच या मुलांना ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा, धोका इतर मुलांपेक्षा 10 ते 20 पट जास्त असतो. मला हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. पायावर काळेनिळे डाग दिसायला लागले तेव्हा मी म्हटलं चालायला उशिरा शिकलाय, पडत असेल.

पहिलं काम, एक कागद तयार करा. ए फोर, एकच पान, मोठ्या अक्षरात, आणि पाच-सहा झेरॉक्स. एक फाईलच्या अगदी वर, एक बेडला चिकटवायला, एक नवऱ्याच्या किंवा आजीच्या पाकिटात. त्यावर काय लिहायचं तर डाऊन सिंड्रोम आहे, हार्टचं ऑपरेशन झालंय का, थायरॉईडची गोळी चालू आहे का आणि किती, झोपेत घोरतो का, श्वास अडकतो का, ऐकायला कमी येतं का. आणि मान! या मुलांची मानेची वरची हाडं कधीकधी सैल असतात. पाठीतलं इंजेक्शन आणि बोन मॅरोची (हाडातल्या मगजाची) तपासणी भूल देऊन करतात, तेव्हा भुलीच्या डॉक्टरांना मान आणि घोरणं या दोन गोष्टी आपण स्वतः तोंडाने सांगायच्या, फाईलमध्ये असल्या तरी. केमोतली काही औषधं हृदयावर ताण आणतात म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतो, तेव्हा जुना इको असेल तर तो पण न्या. क्रोमोझोमचा रिपोर्ट न्या. जन्मल्यावर बाळाच्या रक्तात काही गडबड आहे असं कोणी म्हटलं असेल तर तो कागद गावाला ट्रंकेत असला तरी मागवून घ्या, डॉक्टर विचारतातच.

कागदाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात पोराची भाषा लिहायची. माझा मुलगा 'मम' म्हणतो ते जेवण नाही, पाणी. दोन्ही हात कानावर म्हणजे घाबरलाय, कान दुखत नाहीये. हे माहीत नव्हतं म्हणून एकदा एका सिस्टरने कानाचे ड्रॉप मागवले होते, त्यांची काय चूक, मी खाली औषध आणायला गेले होते आणि कागद तेव्हा बनवलेला नव्हता.

आता दुखण्याचं. 'या मुलांना दुखणं कमीच कळतं' असं तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. साफ चूक. दुखतं तेवढंच, सांगता येत नाही आणि चेहऱ्यावर उशिरा येतं. वॉर्डात हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवून विचारतात किती दुखतंय, आमचा हसऱ्यावर बोट ठेवायचा कारण तो त्याला आवडायचा! बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी फ्लॅक नावाची वेगळी पद्धत आहे, चेहरा, पाय, हालचाल, रडणं, आणि समजूत घातल्यावर शांत होतो का, या पाच गोष्टींना 0 ते 2 मार्क, एकूण 10. त्याच्या सुधारलेल्या फॉर्ममध्ये आईवडिलांनी आपल्या मुलाच्या खास खुणा भरायच्या असतात. डॉक्टरांना विचारा, फ्लॅकने बघाल का म्हणून. आमच्या खुणा अशा होत्या, एकदम गप्प होणं, जीभ बाहेर काढून चावणं, आणि टीव्हीकडे पाठ करणं. टीव्हीकडे पाठ म्हणजे पक्कं दुखतंय.

सुईचं बोलते कारण रोजचा तमाशा तोच. या मुलांच्या शिरा पटकन सापडत नाहीत, हात गुबगुबीत असतात. लांब ट्रीटमेंट असेल तर पिक लाईन (दंडातून शिरेत घातलेली, बरेच दिवस राहणारी नळी) किंवा केमो पोर्ट (कातडीखाली बसवलेली छोटी डबी, सुई तिच्यातच टोचतात) बसवता येईल का हे पहिल्याच आठवड्यात विचारा. सुन्न करणारं मलम मिळतं, ते तासभर आधी लावावं लागतं, डॉक्टरांना विचारून लावा. चार जणांनी आडवं पाडून धरायला देऊ नका, शक्य असेल तिथे मांडीवर समोरासमोर घ्या, त्याची छाती तुमच्या छातीला, एक हात बाहेर. आमच्याकडे दोन-तीनदा सिस्टर नाही म्हणाल्या, चौथ्यांदा एका सीनियर सिस्टरने करून बघितलं आणि मग सगळ्याच तसं करायला लागल्या. आणि घरात 'जेवला नाहीस तर डॉक्टरकडे नेईन, सुई टोचतील' हे वाक्य आजपासून बंद, आजी-आजोबांनाही सांगून ठेवा. 'काही दुखणार नाही' हे पण नको, एकदा खोटं पकडलं की पोर पुढच्या वेळी हॉस्पिटलच्या गेटलाच बसकण मारतं.

फोटोंची पट्टी बनवा. आपल्याच मोबाईलमधले फोटो, टॅक्सी, हॉस्पिटलचं गेट, बोटातून रक्त काढायची खिडकी, डे-केअरचा बेड, खाऊचा डबा, आणि शेवटी आपली खोली. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून लॅमिनेट करायचे आणि मागे वेल्क्रो. एक झालं की तो फोटो त्याने काढून पिशवीत टाकायचा. शेवटचा फोटो नेहमी खोलीचाच. आमच्याकडे पहिले आठ-दहा दिवस काहीच उपयोग झाला नाही, मी कंटाळून सोडणार होते, मग एक दिवस रक्ताच्या खिडकीपाशी त्याने स्वतःच फोटो काढून दाखवला.

ताप. हे मात्र नीट वाचा. 100.4 फॅरनहाईट म्हणजे 38 डिग्री किंवा वर गेला की इमर्जन्सी, सकाळ व्हायची वाट बघायची नाही, आपल्या मनाने क्रोसिन द्यायचं नाही कारण ताप झाकला जातो, फोन करायचा आणि निघायचं. डाऊनच्या मुलांना केमोत इन्फेक्शन जास्त जोरात होतं. ताप नसला तरी पोर लोळत असेल, हातपाय गार पडले असतील, नेहमीच्या गाण्याला मान पण वर करत नसेल तरी निघा. थर्मामीटर काखेत लावायचा, संडासच्या जागी काहीच घालायचं नाही, ना थर्मामीटर ना सपोझिटरी ना एनिमा, काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, कमी असताना तिथून इन्फेक्शन होऊ शकतं. दाराशी एक पिशवी भरून ठेवा, फाईल, कागद, चार्जर, दोन कपडे, डायपर, त्याची आवडती चादर, आणि थोडी रोख रक्कम, रात्री दोनला टॅक्सीवाल्याचा यूपीआय चालेलच असं नाही.

संडासवरून आठवलं, व्हिन्क्रिस्टीन नावाचं इंजेक्शन असतं त्याने पोट साफ होत नाही, आणि आपली मुलं आधीच त्यातली. तीन दिवस झाल्यावर नाही, पहिल्याच दिवसापासून पोट साफ व्हायचं पातळ औषध चालू करायचं का विचारून घ्या. त्याच इंजेक्शनने पाय पण लुळे पडतात, पंजा घासत चालतात. आधीच अंग सैल असल्यामुळे आपल्याला वाटतं हे नेहमीचंच, नाहीये ते. आठवड्यातून एकदा त्याच जागी चालतानाचा व्हिडिओ काढा, जुना आणि नवा शेजारी ठेवला की फरक दिसतो, डॉक्टरांनाही तोच दाखवायचा.

मेथोट्रेक्सेट नावाच्या केमोच्या औषधाने डाऊनच्या मुलांचं तोंड इतरांपेक्षा जास्त येतं. गुळण्या कर म्हणतात, आमच्याला चूळ भरून थुंकताच येत नाही, गिळून टाकतो. मग स्वच्छ गॉज बोटाला गुंडाळून, डॉक्टरांनी सांगितलेल्या पाण्यात बुडवून हिरड्या पुसायच्या, दिवसातून चार वेळा. आधी बाहुलीच्या तोंडात, मग माझ्या, मग त्याच्या. जेवण तेव्हा मऊ आणि कोमट, पेज, मुगाचं वरण गाळून, गार दही-भात चालतो का ते विचारून. कडू गोळी द्यायची तर चमचाभर गुळाच्या पाकात किंवा जॅममध्ये द्या, पूर्ण वाटी वरणभातात कालवू नका, मी कालवली आणि त्याने वरणभात दीड महिना सोडला, त्याचा तो एकच आवडता पदार्थ होता. केमोची गोळी असेल तर कुटायची की नाही, कशात विरघळवायची, ग्लोव्हज घालायचे का हे फार्मसीत विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

स्टेरॉइडचे दिवस वेगळेच. रात्री तीनला उठून जेवण मागतो, ताट फेकतो, आजीला चावतो. तो वाईट वागत नाहीये, औषध वागवतंय. त्या दिवसांत नवीन काही शिकवायचं नाही, पाहुणे नाही, ओरडायचं नाही. साखर वाढते म्हणून लघवी फार व्हायला लागली, पाणी फार प्यायला लागला तर लगेच सांगायचं. रात्रीसाठी मीठ कमी टाकलेली खिचडी करून ठेवायची, नाहीतर तीनला गॅस पेटवायला तुम्हीच उठणार.

लसीचं एक विसरायला होतं. जिवंत लस, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत जंतूंची, केमोच्या काळात द्यायची नाही, आणि पोलिओ रविवारी दारात डोस द्यायला येतात तेव्हा घरातल्या धाकट्या भावंडालाही थेंब देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. शेजारी कोणाला कांजिण्या आल्या आणि आपलं पोर त्यांच्यात खेळलं असेल तर त्याच दिवशी फोन.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, हॉस्पिटल योजनेत आहे का ते बघा. दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढा, आणि नॅशनल ट्रस्टची निरामय योजना बघा, 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा, आधीचा आजार आहे म्हणून नाही म्हणत नाहीत. रेल्वेत कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटसाठी स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला 75 टक्के, हॉस्पिटलमधून फॉर्मवर सही लागते. टाटा मेमोरियलला असाल तर तिथल्या मुलांच्या विभागाशी जोडलेलं इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, राहायला सेंट जूड इंडियाची सेंटर्स आहेत जिथे बाहेरगावच्या कुटुंबांना फुकट जागा मिळते, हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडून जायचं. लाजू नका, पहिल्याच दिवशी सोशल वर्करकडे जा, आम्ही महिनाभर परळला भाड्याची खोली घेऊन बसलो होतो.

आणि एक वाक्य कानावर येईल. आम्हाला जवळच्याच माणसाने ऐकवलं, 'असं मूल आहे, त्याच्यामागे एवढं कशाला करायचं?' मी त्या दिवशी काहीच बोलले नाही, नंतर खूप बोलायचं सुचलं. डाऊनची मुलं केमोने बरी होतात. त्यांना होणारा एक प्रकारचा एएमएल, म्हणजे रक्ताचा दुसरा एक कॅन्सर, तर इतरांपेक्षा कमी डोसमध्येही छान बरा होतो. एएलएलमध्ये इन्फेक्शन आणि साइड इफेक्ट सांभाळावे लागतात, म्हणूनच तर हे सगळं लिहितेय. त्या माणसाचा फोन आता नवरा उचलतो.

बोलायला-चालायला शिकवायची थेरपी पूर्ण बंद करू नका, स्पीचवाल्या मॅडम व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं देतात, बेडवरच. मेंटेनन्समध्ये, म्हणजे केमोच्या शेवटच्या लांब टप्प्यात, गेलात की घरी गोळ्या असतात, त्यात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही, आणि ही चूक भयंकर पडते. कालनिर्णयवर तो वार लाल पेनने गोल करा, आणि गोळी देणारं माणूस एकच ठेवा.

कागद मात्र दर महिन्याला बदलायचा, पोर बदलत असतं. आमचा आता सातवा चालू आहे. 'मम'च्या जागी 'पाणी' आलंय, आणि खाली एक ओळ वाढलीय: सुई झाल्यावर टाळी देतो, हात पुढे करा.