दसरा ते तुळशीचे लग्न : जुन्या येझदीच्या तयारीची यादी

अनंत चतुर्दशीला गणपती पोहोचवून आलो की दुसऱ्या दिवशी मी गाडीवरची ताडपत्री काढतो. बेळगावात जूनमध्ये जो पाऊस लागतो, त्यात माझी येझदी रोडकिंग ही जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल जवळजवळ तीन महिने पडवीत उभी असते, आणि उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त बिघडते, हे जुनी दुचाकी बाळगणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. तुळशीच्या लग्नाच्या आधीच्या रविवारी आम्ही चार मित्र जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटात जातो. त्या एका दिवसासाठी दोन महिने आधीपासून काय काय करावे लागते, ते या वर्षी लिहूनच ठेवावे असे ठरवले, कारण गेल्या वर्षी डोक्यात ठेवलेली यादी घाटाच्या अलीकडेच संपली होती.

पहिली बाब तारखांची. गाडी मेस्त्रींना दाखवायची असेल तर पितृपक्षातच दाखवावी. खंडेनवमीला प्रत्येकाला आपली गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून पूजा करायची असते, त्यामुळे आदल्या आठवड्यात प्रत्येक गॅरेजसमोर रांग लागते, आणि त्या गर्दीत दिलेली गाडी धुऊन मिळते, दुरुस्त होऊन मिळत नाही. नवरात्राच्या नऊ पहाटा गल्लोगल्ली निघणाऱ्या दुर्गामाता दौडीच्या असतात, तेव्हा गल्ल्यांतून चाचणी फेरी काढू नये; ती संध्याकाळी काढावी. १ नोव्हेंबरला, म्हणजे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सीमाभागात पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिवशी, आमच्यातले दोघे सायकल फेरीत असतात, आणि त्याच दिवशी शहरात कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकाही निघतात, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर आधीच खोडून टाकावी. उरलेल्या रविवारांची संख्या मोजली की सात-आठच्या वर जात नाही.

त्या रविवारांना नियम एकच लावावा : एका रविवारी एकच काम, आणि काम झाल्यावर लगेच ठरलेल्या रस्त्यावर एक फेरी. माझी फेरी येळ्ळूरवरून राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत आणि परत, अशी आहे. जाताना जेमतेम पंधरा किलोमीटर होतात, शेवटी चढ आहे, आणि वाटेत कुठेही गाडी बंद पडली तरी ओळखीचे घर जवळ असते. रस्ता तोच ठेवल्यामुळे गाडीचा आवाज कुठे बदलला हे कानाला कळते.

हा नियम मी शहाणपणाने केलेला नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एकाच संध्याकाळी मी नवा प्लग घातला, कंडेन्सरसकट पॉइंट (उघडमीट करून प्लगला ठिणगी देणारी तोंडे; कंडेन्सर त्यांच्यावर ठिणगी उडू देत नाही) बदलले, कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, तोही बदलला, आणि गाडी अंगणात छान चालते म्हणून सकाळी थेट घाटाकडे निघालो. जांबोटी ओलांडल्यावर इंजिन तापले तशी गाडी अडखळू लागली, आणि कणकुंबीत, मलप्रभेच्या उगमाच्या गावात, ऐन धुक्यात बंद पडली. तीन भाग नवे, त्यामुळे संशयित तीन. खानापूरचा मित्र त्याच्या यामाहा आरएक्स १०० वरून उतरला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "एका दमात तीन पार्ट बदलून आलास, आता कुठला वाईट म्हणून सांगू मी?" दोन तासांनी पॉइंटचे झाकण काढून किक मारल्यावर पॉइंटच्या तोंडावर मोठी पिवळट ठिणगी उडताना दिसली, म्हणजे नवा कंडेन्सरच गरम झाल्यावर दगा देत होता. जुना, उत्तम चालणारा कंडेन्सर घरी कचऱ्याच्या डब्यात होता. गाडी भाजीच्या रिकाम्या टेम्पोत घालून बेळगावला आणावी लागली, आणि टेम्पोवाल्याने भाडे सांगितले तेव्हा मी घासाघीस केली नाही. तेव्हापासून बदललेला पण चालू असलेला प्रत्येक जुना भाग जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून हत्यारांच्या पिशवीत जातो.

पहिल्या रविवारचे काम टाकीचे. पावसाळ्याआधी भरलेले पेट्रोल, कितीही जीव तुटला तरी, काढून टाकावे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. बेळगावच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नसतो. पाणी टाकीच्या तळाशी बसते, तिथून गंज सुरू होतो, आणि तो गंज बारीक पिठासारखा कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. शिवाय जुन्या गाड्यांतले रबर इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे पेट्रोलची नळी, कॉकचे वायसर आणि फ्लोटच्या भांड्याचे पॅकिंग फुगले किंवा चिरले आहे का, हे बोटाने दाबून पाहावे आणि शंका असेल तर बदलावे. चिकोडी, गोकाकच्या शिवारातला ऊस कारखान्यात जातो आणि इथेनॉल होऊन फिरून माझ्या टाकीत येतो, याचा शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला राग तरी किती येणार. टाकीत मूठभर जुने नट आणि थोडे रॉकेल घालून ती दहा मिनिटे हलवावी, नट मोजून घातले असतील तर मोजूनच बाहेर काढावे, आणि टाकी उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय नवे पेट्रोल घालू नये. ऑक्टोबरच्या उन्हाचा एवढा एक उपयोग आहे.

येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. लिटरला साधारण ३० ते ४० मिलिलिटर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल, हे माप मी औषधाच्या बाटलीच्या झाकणावर रंगाने रेघ मारून पक्के केले आहे, कारण पंपावर पूर्वी असायचा तो ऑइलचा हातपंप आता फारसा दिसत नाही आणि अंदाजाने ओतलेले ऑइल एक तर धूर करते, नाही तर कमी पडून पिस्टन जाम करते. आरएक्सवाल्या मित्राच्या गाडीला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे, त्यामुळे त्याला ही कटकट नाही. मात्र ती टाकी रिकामी झाल्याचे त्याला एकदा फार उशिरा कळले होते, म्हणून त्याच्या नावापुढे यादीत "ऑइल पाहणे" असे मीच लिहितो. बुलेटवाला मित्र हे सगळे लांब उभा राहून बघतो. त्याची गाडी फोर-स्ट्रोक आहे, तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही.

दुसरा रविवार पॉइंटचा, आणि यात घाई करू नये. डाव्या हाताने टॉर्च धरून उजव्या हाताने पॉइंट लावणे जमत नाही, म्हणून हे काम मित्र आला असतानाच काढावे. पॉइंटची तोंडे बारीक सँडपेपरने एकदाच घासावी, मग लग्नपत्रिकेच्या कडक कागदाची पट्टी मध्ये घालून ओढावी. पट्टीवर काळी रेघ उमटली तर दुसरी घ्यावी. तिसरी किंवा चौथी पट्टी पांढरी बाहेर येते. मग चाक हळूहळू फिरवून पॉइंट पूर्ण उघडतील तिथे आणावे आणि फिलर गेजचे, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांतले, ०.४० मिलिमीटरचे पान मध्ये घालावे. पान सैल सरकले तर अंतर जास्त, अडकले तर कमी. वर्तमानपत्राच्या घडीतून सुरी ओढताना लागते तेवढा ओढ लागला की स्क्रू आवळावा. आवळताना अंतर पुन्हा बदलते, ही या कामातली खरी मेख आहे, म्हणून आवळल्यावर पान पुन्हा घालून पाहावे. पॉइंट उघडणाऱ्या कॅमला घासणाऱ्या फेल्टच्या तुकड्याला ग्रीसचा एक ठिपका पुरतो. जास्त लावले तर तेच उडून पॉइंटवर बसते.

तिसऱ्या रविवारी सायलेन्सर उतरवावेत. टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमध्ये जळलेल्या ऑइलची काजळी साचते आणि आतली पुंगळी निम्मी बुजली की गाडी चढाला दम टाकते. लोक मात्र बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या झिजेला, दोष देतात. रोडकिंगला दोन सायलेन्सर आहेत, म्हणजे काम दुप्पट. पुंगळ्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवाव्यात, हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि हे पाणी ॲल्युमिनियमला अजिबात लागू देऊ नये, कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. पिस्टन आणि हेडवरची काजळी लाकडी चमच्यानेच खरवडावी. साफ केलेल्या पुंगळ्या त्याच संध्याकाळी परत बसवाव्यात. हे मुद्दाम लिहितो, कारण पाडव्याला गवळी बांधव म्हशी पळवतात तेव्हा पुढे धावायला पुंगळी काढलेली गाडी लागते, आणि कोणी ना कोणी मागायला येतोच. द्यायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी एकदा दिली होती आणि त्यानंतर एक पुंगळी कधीच सापडली नाही.

ब्रेक, तारा आणि टायर यांचे काम एका रविवारात उरकते. ड्रम उघडून आतला गंज पुसावा, लायनर चकचकीत झाले असतील तर सँडपेपरने खरबरीत करावे, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या तारांत ऑइल सोडावे आणि प्रत्येकी एक तार जादा घ्यावी. स्पोकवर पाना हलकेच वाजवत जावे. ज्याचा आवाज बोदा येतो तो सैल. ट्यूबचे टायर आहेत, तेव्हा एक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप चौघांत मिळून एकदाच घ्यावेत. चाकांची मापे सगळ्यांची सारखी नाहीत याची आठवण मात्र आधी ठेवावी.

सुट्या भागांचा शोध लवकर सुरू करावा. म्हैसूरच्या कारखान्यातून येझदी बाहेर पडणे १९९६ मध्ये थांबले, आरएक्स १०० सुद्धा त्याच वर्षी बंद झाली, त्यामुळे दुकानात मिळणारा भाग खरा की नकली हे हातात घेऊनच ठरवावे लागते. आमच्या बाजूने एक गोष्ट आहे : उद्यमबाग, बेळगावची कारखान्यांची वसाहत. बेळगाव हे फाउंड्री आणि लेथचे गाव, आणि आमचा बुलेटवाला मित्र तिथेच टर्नर आहे. स्टँडचा बूश, किकच्या दांड्याची पिन अशा वस्तू तो जुना नमुना पाहून वळून देतो. त्याला नमुना धुऊन द्यावा, आणि दिवाळीच्या आठवड्यात देऊ नये. त्याच्याकडे कारखान्याचेही काम असते आणि तो नाही म्हणत नाही, ही त्याची अडचण आहे.

कागदपत्रांत मी पूर्वी निष्काळजी होतो. चोर्ल्याच्या वाटेने आपण गोव्यात उतरतो, आणि रस्ता खराब असल्याचे कळले तर बाची, शिनोळी, चंदगडवरून तिलारीकडे जावे लागते, म्हणजे महाराष्ट्रही आला. एका दिवसात तीन राज्ये होणार असतील तर आरसी, विमा, परवाना आणि पीयूसी ही चारही कागदे आदल्या आठवड्यात तारखेसकट वाचावीत. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि जुन्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांतच संपते. दसऱ्याला काढलेली पुढच्या दसऱ्याला चालत नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते, म्हणून घरात एक जादा असावे आणि ते लहान मुलाच्या मापाचे नसावे.

जेवणाची यादी मित्रांवर सोडावी, ती माझ्या यादीपेक्षा नेहमीच पूर्ण असते. कोजागरीला आम्ही माझ्या गच्चीवर जमतो, दूध आटेपर्यंत कोणाच्या गाडीत काय राहिले ते वहीत लिहितो, आणि मगच कोणी काय आणायचे ते ठरते. भडंग खानापूरकराकडे, पाणी बुलेटवर, कारण तिच्यावर वजन कळत नाही. कुंदा मी घेतो, पण तो चढताना कोणी उघडायचा नाही असा ठराव आहे.

निघण्याची वेळ पहाटे साडेपाचची धरावी आणि परतीला अंधार पडू देऊ नये. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागचा दिवा बहुधा नसतो, आणि आमच्या जुन्या हेडलाइटच्या उजेडात ऊस दिसतो तेव्हा फार जवळ आलेला असतो. घाट उतरताना टू-स्ट्रोकवाल्यांनी ॲक्सिलरेटर मिटून बराच वेळ गाडी सोडू नये. पेट्रोल बंद झाले की त्यातून येणारे ऑइलही बंद होते, तेव्हा मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा आणि गिअर खालचा ठेवावा.

शेवटचे काम शनिवारी रात्रीचे. गाडी मधल्या स्टँडवर लावून इंजिनाखाली कोरा पुठ्ठा सरकवावा आणि सकाळी टॉर्च लावून तो पाहावा. डाग रुपयाच्या नाण्याएवढा असेल तर निघावे. बशीएवढा असेल तर गाडी तशीच ठेवावी, जादा हेल्मेट घ्यावे आणि बुलेटच्या मागे बसावे. मात्र तसे होऊ शकते हे बुलेटवाल्याला रात्रीच कळवून ठेवावे, म्हणजे तो पाण्याचा कॅन मागच्या सीटवर बांधून येणार नाही.