नवीन माणसाला लिनक्सचं कुठलं व्हर्जन सुचवायचं

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आपल्याकडे मदत मागायला बरेच नवीन लोक येतायत. लॅपटॉप ठणठणीत आहे पण टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना, म्हणून विंडोज 11 चढत नाही, आता लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय, कुठलं टाकू? लिनक्सचे प्रकार बरेच, मग एकजण म्हणतो मिंट टाक, दुसरा फेडोरा, तिसरा आर्चवर अडून बसतो, आणि आपले वाद ऐकून तो माणूस गप्प होतो आणि परत येत नाही. मला हे खरंच लागतं. त्यामुळे सगळ्या व्हॉलंटियर मंडळींना विनंती, एकाने उत्तर द्यायला घेतलं की बाकीच्यांनी थांबा, आणि उत्तर देणाऱ्याने एकच व्हर्जन सांगा, नंबरासकट. "उबंटू टाका" एवढ्यावर त्याचं काही भागत नाही, कारण डाउनलोडच्या पानावर गेलं की तिथे दोन-दोन नंबर दिसतात.

पण सांगायच्या आधी विचारा. "काका, लॅपटॉपवर रोज काय काय करता?" हा पहिला प्रश्न, रॅम किती हा दुसरा. ब्राउझर, बँक, यूट्यूब, पत्रं लिहिणं, नातवंडांशी व्हिडिओ कॉल असं असेल तर बिनधास्त पुढे जा. टॅली असेल, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन लागत असेल, किंवा श्री-लिपीवर डीटीपीची कामं घेत असतील तर पूर्ण विंडोज काढायला अजिबात सांगू नका. त्यांचं पोट त्यावर आहे. अशांना दुसरी डिस्क किंवा ड्युअल बूट (एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही), तेही बॅकअप झाल्यावर, नाहीतर सरळ सांगा की तुमच्या कामाला सध्या विंडोजच बरं.

आता मुख्य गोष्ट, जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. नवीन माणसाला वाटतं मोठा नंबर म्हणजे चांगलं. उबंटूचा नंबर म्हणजे वर्ष आणि महिना, 24.04 म्हणजे एप्रिल 2024, 24.10 म्हणजे ऑक्टोबर 2024. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येतं ते एलटीएस, म्हणजे लांब सपोर्टवालं, त्याला पाच वर्षं अपडेट मिळतात, आणि मधली जी येतात त्यांना फक्त नऊ महिने. म्हणजे 24.10 नंतर येऊनही जुलै 2025 मध्ये संपलं आणि त्याच्या आधीचं 24.04 मात्र 2029 पर्यंत चालणार. हे दोन नंबर शेजारी शेजारी लिहून दाखवा, लगेच पटतं.

संपलं म्हणजे नेमकं काय होतं तेही सांगा. लॅपटॉप बंद पडत नाही, सगळं आधीसारखंच दिसतं, पण सिक्युरिटी अपडेट थांबतात आणि पुढे कधीतरी ती पॅकेजेस जुन्या रिलीजच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवली जातात, मग टर्मिनलमध्ये अपडेट मारलं की ओळीमागून ओळ 404 नॉट फाउंड. समोरच्याला वाटतं नेट गेलं, तो राउटर बंद-चालू करत बसतो. असं कोणी घेऊन आलं तर आधी व्हर्जन विचारा, वायफायच्या मागे लागू नका.

त्यामुळे नवीन माणसाला एलटीएसच द्यायचं, किंवा त्याच्यावर बांधलेलं मिंट. मिंट 22 ची मालिका उबंटू 24.04 वरच आहे आणि तिलाही 2029 पर्यंत सपोर्ट आहे. विंडोजची सवय असलेल्यांना मी मिंटच सुचवते, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, हात आपोआप जातो. 8 जीबी रॅम असेल तर मिंटचं सिनॅमन रूप, 4 जीबी असेल तर हलकं एक्सएफसीई. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर कुठलंही व्हर्जन टाकलं तरी चालू व्हायला वेळ खाणारच, तिथे साधी एसएसडी बसवायला सांगा, तिचा फरक सगळ्यात जास्त पडतो. झुबंटू, लुबंटू ही उबंटूची भावंडं पण हलकी आहेत, फक्त त्यांच्या एलटीएसला पाचऐवजी तीन वर्षं, हे सांगायला विसरू नका.

अगदी नवा कोरा लॅपटॉप असेल तर एलटीएसमधला जुना कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभा, कधी कधी वायफाय किंवा ग्राफिक्स ओळखत नाही. तेव्हा लगेच मधल्या व्हर्जनवर उडी मारायची गरज नसते, त्याच एलटीएसची सगळ्यात ताजी आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, घ्या. 24.04 सुरुवातीला 6.8 कर्नल घेऊन आलं होतं, 24.04.2 मध्ये तो 6.11 झाला, 24.04.3 मध्ये 6.14. लोकांच्या पेनड्राइव्हवर दोन वर्षांपूर्वीची फाइल पडलेली असते आणि तीच हातोहात फिरते, ती आधी बदला.

डेबियन स्टेबल हा आणखी एक प्रकार मस्तच आहे, पण बाजूला कोणी जाणकार असेल तरच. 32 बिटवालं जुनं मशीन घेऊन कोणी आलं तर ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 पासून त्याचा इन्स्टॉलर बंद झालाय हे लक्षात असू द्या. कॉलेजच्या पोरांना नवनवीन बघायचं असेल तर फेडोरा खुशाल द्या, साधारण तेरा महिने सपोर्ट, म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड करावंच लागतं.

इन्स्टॉल करायच्या आधी लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवून बघता येतं तो) त्याच माणसाला बसवा, माउस त्याच्या हातात. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, झाकण बंद करून उघडल्यावर जागा होतो का. वायफाय दिसलंच नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळतं, इन्स्टॉल झाल्यावर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकता येतो. आणि मराठी टाइप करून दाखवाच. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट असतंच, आणि रोमन अक्षरांवरून लिहायची सवय असेल तर आयबस-एम17एन पॅकेज टाकलं की मराठी आयट्रान्स मिळतं. स्वतःचं नाव मराठीत स्क्रीनवर आलं की माणूस खुलतो, मग पुढचे प्रश्न मोकळेपणाने विचारतो.

ज्यांच्याकडे आधीपासून उबंटू 20.04 आहे त्यांना सांगा की त्याचा नेहमीचा सपोर्ट 2025 मध्ये संपलाय. उबंटू प्रो ही जास्तीच्या अपडेटची सेवा घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, त्यावर अजून काही वर्षं निघतील. अपग्रेड करायचं असेल तर आधी 22.04, मग 24.04, मधली पायरी गाळता येत नाही, आणि डिस्कवर डेटा कमी असेल तर कॉपी काढून नव्याने टाकणंच मला सोपं वाटतं. एलटीएसवरून पुढच्या एलटीएसचं अपग्रेड मशीन स्वतःहून त्या नव्या एलटीएसची पहिली सुधारित आवृत्ती (.1, जसं 24.04.1) आल्यावरच सुचवतं, तोपर्यंत कोणालाही घाई करायला लावू नका.

काम झालं की लॅपटॉपच्या खाली एक चिठ्ठी चिकटवा, कुठलं व्हर्जन टाकलं, अपडेट कुठल्या वर्षापर्यंत, आणि टाइमशिफ्टने काढलेली सिस्टिमची कॉपी कुठल्या डिस्कवर आहे. पुढच्या वेळी तो माणूस आला आणि तुम्ही नसलात तरी जो कोणी असेल त्याला सगळं पहिल्यापासून विचारावं लागत नाही.