बायरचं नाव कोणतं, आडनाव कोणतं?

'निकिता' म्हटलं की सोलापुरात मुलगीच डोळ्यांपुढे येते. टॉवेलच्या चौकशीची बायरची, म्हणजे परदेशी खरेदीदाराची, मेल मॉस्कोहून आली असेल, तर निकिता बहुधा पुरुष असतो. सोव्हिएत संघाचे नेते ख्रुश्चेव्हही निकिताच. इंग्रजीत 'मिस' लिहिण्याची चूक एका मेलपुरती राहते, पण मराठीत क्रियापदच लिंग मागतं. मर्चंडायझर (बायरशी बोलणी सांभाळणारा) एकदा 'ती म्हणाली' बोलला की पॅकिंगपासून अकाउंटपर्यंत सगळे महिनाभर 'ती'च म्हणतात, आणि पुढच्या मेलमध्येही तेच उतरतं. म्हणून खात्री होईपर्यंत ऑफिसात 'बायरचं म्हणणं असं आहे' एवढंच बोलावं. मेलमध्ये मिस्टर-मिस काही न लावता 'डिअर', पुढे पूर्ण नाव. थोडं कोरडं वाटतं, पण त्याने कुणी दुखावत नाही.

शेवटी 'आ' ऐकू आला की बाई, हा आपला कानाचा हिशेब परदेशात चालत नाही. रशियातला इल्या पुरुष, इटलीतला लुका पुरुष. आंद्रेआ जर्मनीत बाई, इटलीत पुरुष. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली मुलीलाही हे नाव ठेवायला मान्यता दिली, त्यामुळे आता इटलीतही डोळे झाकून 'मिस्टर' लिहू नये. कारी नॉर्वेत बाई, फिनलंडमध्ये पुरुष. 'जे-ए-एन' हे स्पेलिंग इंग्लंडात जॅनेटचं लाडकं नाव, तर पोलंडमध्ये तो यान नावाचा पुरुष. रशिया, पोलंड, चेकमध्ये आडनाव मदतीला येतं: इव्हानोव्ह पुरुष, इव्हानोव्हा बाई, कोवाल्स्की-कोवाल्स्का, नोवाक-नोवाकोवा. जर्मन आणि फिनिश आडनावांत अशी खूण नसते.

क्रमाचा घोळ यापेक्षा मोठा. हंगेरीतल्या बुडापेस्टहून आलेल्या मेलखाली 'कोवाच गाबोर' अशी सही असली, तर कोवाच हे आडनाव (अर्थ लोहार) आणि गाबोर हे नाव. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी असतं, तसंच हे; सोलापूरकराला अवघड जाऊ नये. अडचण पुढे येते. हाच माणूस इंग्रजी मेलमध्ये क्रम उलटवून 'गाबोर कोवाच' लिहितो, म्हणजे एकाच फाइलीत दोन क्रम. अशा वेळी मेल आयडीतला क्रम, कंपनीच्या वेबसाइटवरचं पान आणि आधीचं इन्व्हॉइस, या तिन्हींत काय दिसतं ते ताडून बघावं. सहीत एक शब्द सगळा कॅपिटलमध्ये असेल तर तो बहुधा आडनाव. फ्रेंच ऑफिसांत तशी रीतच आहे. आणि 'कोवाच गाबोरने' असं दिसलं, तर शेवटचा 'ने' टायपिंगची चूक समजून खोडू नका. जुन्या हंगेरियन पद्धतीत त्याचा अर्थ गाबोर कोवाचची पत्नी.

चीन आणि कोरियातही आडनाव आधी: शी जिनपिंगमध्ये शी, बान की-मूनमध्ये बान. जपान सरकार 2020 पासून इंग्रजी कागदांवरही आडनाव आधी लिहितं, पण कंपन्या दोन्ही तऱ्हांनी लिहितात. तिथे आडनावापुढे 'सान' लावलं की बाई-पुरुष हा प्रश्नच उरत नाही. व्हिएतनाममध्ये आडनाव आधी असलं तरी हाक शेवटच्या नावाने मारतात; 'मिस्टर न्गुयेन' म्हणालात तर खोलीतले अर्धे लोक मान वर करतील.

हाक मारण्याच्या बाबतीत तुर्कस्तान आपल्याला जवळचा. तिथे आडनावं सक्तीची झाली 1934 च्या कायद्याने, त्यामुळे मान द्यायचा तो नावापुढेच: मेहमेत बे, आयशे हानम. आपलं 'गणपतराव' किंवा 'सुमनताई' असतं, तसंच. जर्मनीत मात्र 'हेर' किंवा 'फ्राउ' आणि आडनाव. समोरच्याने स्वतः सुचवेपर्यंत पहिल्या नावावर येऊ नये. रशियात मानाने बोलायचं तर नाव आणि वडिलांवरून पडलेलं नाव, उदाहरणार्थ सेर्गेई इव्हानोविच. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं, वडिलांकडचं आधी. गार्सिया मार्केसला नुसतं 'मिस्टर मार्केस' म्हटलं तर आईकडचं आडनाव तेवढं उरतं. पोर्तुगीजमध्ये साधारण उलट, वडिलांकडचं शेवटी. आखाती बायरला 'मिस्टर अब्दुल' हे तर नकोच: अब्दुल रहमान हे जोडनाव आहे, तोडलं की नुसतं 'चा सेवक' राहतं.

स्पेलिंग हाताने टाइप करू नका, बायरच्या मेलमधून कॉपी करा. जर्मन म्युलरमधल्या 'यू'वरचे दोन टिंब कीबोर्डवर नसतील तर 'यू'नंतर 'ई' घालतात. टिंब नुसते उडवले तर उच्चारही बदलतो आणि नावही. एलसीत (बायरच्या बँकेने दिलेल्या पेमेंटच्या हमीपत्रात) नाव जसं छापलंय तसंच इन्व्हॉइसवर आणि पॅकिंग लिस्टवर घ्या. एका कागदावर टिंबवालं आणि दुसऱ्यावर 'ई'वालं दिसलं की बँकेतला माणूस पेन टेकवून थांबतो.

प्रत्येक बायरसाठी एक्सेलमध्ये पाच रकाने पुरतात: नाव, आडनाव, मेलमध्ये काय म्हणायचं, देवनागरीत उच्चार, आणि ही माहिती कुठून मिळाली. उच्चाराचा रकाना फोनसाठी. एकाच स्पेलिंगचा माणूस स्पेनमध्ये होसे, पोर्तुगालमध्ये झुझे. शेवटच्या रकान्यात 'अंदाज' लिहिलं असेल तर तो फोन उचलणाऱ्याला दिसलाच पाहिजे.

गोंधळ आपल्याकडूनही जातो. पासपोर्टवर 'सिद्धाराम मल्लप्पा' एका रकान्यात आणि 'बिराजदार' दुसऱ्यात असतं, म्हणून जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल या कापड-प्रदर्शनाच्या बिल्ल्यावर फक्त पहिला रकाना छापला गेला, की जर्मन बायरच्या लेखी ते 'हेर मल्लप्पा' होतात, म्हणजे वडील. तेलुगू नावांत घरनाव आधी येतं: पी. व्ही. नरसिंह राव यांच्यातला 'पी' म्हणजे पामुलपर्ती, आणि 'राव' हे आडनाव नव्हेच. बायर मात्र 'मिस्टर राव'च लिहिणार. म्हणून मेलच्या सहीत वडिलांचं नाव गाळा, आडनाव सगळं कॅपिटलमध्ये टाका आणि त्याच्याआधी 'मिस्टर' किंवा 'मिस' लावा. किरण नावाच्या माणसाने तर नक्कीच.