शिळी भाकरी कोंबड्यांना घाला, पण कांदा नको
आमच्या सोलापुरात घरोघरी ज्वारीची भाकरी, त्यामुळं शिळे तुकडे रोजचेच. ते पाण्यात जरा भिजवून कुस्करून टाकले की कोंबड्या टोचून टोचून पाटी साफ करतात. संध्याकाळी मंडईत पिशवी घेऊन जा, कोबीचा वरचा पाला, फ्लॉवरची पानं, मेथीच्या काड्या पडलेल्या असतात, भाजीवाल्या मावशी नाही म्हणत नाहीत. पण अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं आणि सगळं भाकरीवरच भागवलं तर अंडी कमी होतात, म्हणून निम्म्याहून जास्त लेयर फीडच (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) ठेवा.

आणि कांदा! मार्केट यार्डाच्या बाहेर टाकून दिलेला दिसतो, फुकट म्हणून उचलू नका हो, जास्त पोटात गेला तर कोंबडीचं रक्त कमी होतं. बुरशी धरलेल्या शेंगा तर अजिबात नको, त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष असू शकतं, ते भाजूनसुद्धा पूर्ण जात नाही.

अंड्याची टरफलं फेकू नका, तव्यावर कोरडी भाजून हातानं पार चुरा करून द्या, कॅल्शियम मिळतं. आणि भिजवलेलं उरलं तर दुपारीच उचला, आपल्याकडच्या उन्हात लगेच आंबतं.