रिकामी गाडी किंवा नुसतं इंजिन दिसलं की ते कुठे आणि कशाला चाललंय हे कसं ओळखायचं

संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नसते आणि समोरून अख्खी बारा डब्यांची लोकल रिकामी, न थांबता निघून जाते, तेव्हा रेल्वेच्या नावाने शिव्या सगळेच घालतात. पण थोडं नीट बघितलं ना तर बहुतेक वेळा दोन मिनिटांत कळतं की ती कुठे चाललीय, आणि निम्म्या वेळा शिव्या परत घ्याव्या लागतात (निम्म्याच, सगळ्या नाही).

मूळ भानगड साधी आहे. लोकांना आणि मालाला जायचं असतं एका दिशेला, गाडीला मात्र दोन्ही दिशांना जावं लागतं. भाजी मार्केटला टाकून टेम्पोवाला परतीचं भाडं शोधतो, मिळालं नाही तर रिकामा गावाला येतो, तसंच. फरक इतकाच की रेल्वेला शोधत बसायला रूळावर जागा नाही, मागे दुसरी गाडी उभी असते.

आता ओळखायचं कसं. पहिलं बघा वेळ आणि जागा. लोकल असेल आणि गर्दीची वेळ नुकतीच संपलेली असेल तर ती कारशेडला (लोकल उभ्या करून तपासायची जागा) चाललीय, मध्य रेल्वेवर कुर्ला, कळवा किंवा सानपाडा, पश्चिमेला मुंबई सेंट्रल, कांदिवली किंवा विरार. गर्दीच्या वेळेला जितके रेक (जोडलेल्या डब्यांचा अख्खा संच) लागतात तितके दुपारी लागत नाहीत, आणि ब्रेक, मोटर वगैरे तपासायला तेवढाच वेळ मिळतो. पहाटे उलटं, कारशेडमधून रिकामी गाडी जिथून पहिली फेरी सुटते तिथे जाते. मग जाताजाता माणसं का घेत नाहीत? तर प्रत्येक स्टेशनावर थांबलं की मागच्या गाड्या अडकतात, आणि शेवटी कारशेडच्या आत माणसं उतरवायची कुठे, तिथे प्लॅटफॉर्मच नाही. तरी माझं मत असं की काही फेऱ्या कारशेडजवळच्या स्टेशनापर्यंत माणसं घेऊन नेता येतील, काही तशा चालतातही.

लांब पल्ल्याच्या गाडीची गंमत वेगळी आहे आणि ती सीएसएमटी किंवा एलटीटीला (लोकमान्य टिळक टर्मिनस) उभं राहून बघण्यासारखी आहे. गाडी आली की इंजिन पुढे बफरला, म्हणजे रूळ संपतो तिथल्या अडथळ्याला टेकून उभं, मागे अख्खी गाडी, म्हणजे इंजिन अडकलं, त्याला बाहेर निघायला वाटच नाही. मग मागच्या टोकाला दुसरं इंजिन येऊन लागतं आणि रिकामा रेक यार्डात ओढून नेतं, सीएसएमटीच्या गाड्या वाडीबंदरला वगैरे जातात, तिथे पिट लाईनवर (मध्ये खड्डा असलेला रूळ) खालून वरून तपासणी, धुलाई, पाणी, चादरी, ह्यात पाच-सहा तास सहज जातात. रेक गेला की मग ते अडकलेलं इंजिन एकटंच मागे सरकत बाहेर पडतं. म्हणजे एक गाडी आली की दोन रिकाम्या हालचाली आल्याच, आणि सुटायच्या आधी परत रेक आणून लावायचा. लोकलला इंजिन वेगळं नसतं, दोन्ही टोकांना केबिन, म्हणून ती आली तशी परत फिरते, नाहीतर चर्चगेटच्या चार प्लॅटफॉर्मवर एवढ्या गाड्या निघाल्याच नसत्या.

नुसती इंजिनं दिसली, दोन किंवा तीन एकमेकांना जोडलेली, आणि तुम्ही कर्जत-लोणावळा किंवा कसारा-इगतपुरी पट्ट्यात असाल तर डोळे झाकून सांगा बँकर. भोर घाट आणि थळ घाट दोन्हीकडे चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, पुढचं इंजिन एकटं गाडी ओढू शकत नाही आणि सगळा ताण डब्यांच्या कपलिंगवर यायला नको म्हणून मागून धक्का द्यायला इंजिनं लावतात. कर्जतला जो थांबा मिळतो ज्यात आपण वडापाव घेतो तो ह्यासाठीच. लोणावळ्याला बँकर सुटतात आणि खाली जाणाऱ्या गाडीला धक्का नको असतो, मग ते तसेच रिकामे घाट उतरतात, पुढची गाडी चढवायला. हे जाणंयेणं कमी करायचा उपाय म्हणजे ताकद गाडीतच वाटून टाकायची. सीएसएमटी-निजामुद्दीन राजधानीला दोन्ही टोकांना इंजिन असतं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेल्या सोलापूर आणि शिर्डी वंदे भारतला डब्यांखालीच मोटर, त्यामुळे बँकरशिवाय घाट चढतात.

घाट नसलेल्या ठिकाणी एकटं इंजिन दिसलं तर त्याच्या अंगावर लिहिलेलं शेडचं नाव वाचा, कल्याण, अजनी, भुसावळ, वडोदरा असं काहीतरी असतं. प्रत्येक इंजिनाचं घर ठरलेलं आणि ठराविक मुदतीत तिथे तपासणीला जावंच लागतं, म्हणून अजनीचं इंजिन कल्याणच्या बाजूने घराकडे एकटं पळताना दिसू शकतं. किंवा पुढे कुठेतरी गाडीचं इंजिन बंद पडलंय आणि हे मदतीला चाललंय. जोडलेल्या इंजिनांपैकी एखाद्याचे दोन्ही पँटो (टपावरचे, तारेतून वीज घेणारे सांगाडे) खाली असतील तर ते बंद आहे, दुसरं त्याला ओढून नेतंय. घातपाताची भीती असलेल्या भागात प्रवासी गाडीच्या पुढे पायलट इंजिन सोडतात तेही असंच एकटं दिसतं.

मालगाडीत रिकामं ओळखायला कान पुरे. रिकाम्या वाघिणी पोकळ खडखडतात, भरलेल्या दबक्या आवाजात जातात, शिवाय भरलेल्या वाघिणीची स्प्रिंग दबलेली असते. बॉक्सएन, म्हणजे कोळशाची उघडी वाघीण रिकामी असताना साधारण 22-23 टन, भरली की 80 च्या वर, त्यामुळे फरक कळतोच. विदर्भातल्या खाणीतून कोळसा एकलहरे किंवा दीपनगरच्या वीजकेंद्राला येतो, परत जाताना खाणीला पाठवायला काय आहे? काहीच नाही. पेट्रोलच्या टँकरमध्ये गहू भरता येत नाही आणि कोळशाच्या उघड्या वाघिणीत कांदा भरून पावसात कोण पाठवणार. कांद्याला बंद वाघिणी लागतात, म्हणून मनमाड-लासलगाव भागात मागणी आली की दुसरीकडून रिकामा रेक आणावा लागतो, आणि तो वेळेत आला नाही तर व्यापारी आधी ओरडतो.

एखादा डबा किंवा अख्खा रेक भलत्याच जागी चाललेला दिसला तर डब्यावर पीओएचची (ठराविक मुदतीने होणारी मोठी दुरुस्ती) तारीख आणि परत जायची तारीख रंगवलेली असते ती बघा, जवळ आली असेल तर तो वर्कशॉपला, म्हणजे माटुंगा वगैरे, मोठ्या दुरुस्तीला चाललेला असण्याची शक्यता भरपूर. सणासुदीच्या स्पेशलचंही असंच, गणपतीच्या आधी कोकणात जाताना उभं राहायला जागा नसते, परतीला त्याच वेळेला माणसंच नसतात, पण रेक मुंबईला आला नाही तर दुसऱ्या दिवशीच्या लोकांना काय देणार.

हे सगळं प्लॅटफॉर्मवरून किंवा फाटकापाशी उभं राहून बघा, ॲपवर शोधू नका, तिथे प्रवासी गाड्याच दिसतात. आणि यार्डात जाणारी गाडी आहे, बसू नका अशी घोषणा झाली की खरंच बसू नका, आत दिवे-पंखे कधी बंद होतील भरवसा नाही आणि कारशेडमधून रूळ ओलांडत बाहेर यावं लागतं. विनापरवानगी रेल्वेच्या हद्दीत घुसलं तर रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फोटोसाठी उभ्या रेकच्या टपावर चढायचं तर डोक्यातून काढूनच टाका, वरच्या तारेत 25000 व्होल्ट असतात आणि हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ओढतं.