तीच चाल, तोच गोल: बचावातल्या या चुका टाळा

ईए स्पोर्ट्स एफसी हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम, म्हणजे २०२३ च्या आधीचा फिफा, ऑनलाइन खेळताना समोरचा बहुतेक वेळा एकच चाल पाठ करून आलेला असतो. विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्या खेळाडूला बॉल, साइडलाइनने सुसाट धाव, गोललाइनपाशी कटबॅक, म्हणजे मागे पास, आणि गोल. तो काय करणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, तरी तोच गोल तीनदा खाल्ला जातो आणि खापर फुटतं ‘स्क्रिप्टिंग’वर, म्हणजे गेमच आतून निकाल ठरवतो या समजुतीवर. दोष स्क्रिप्टिंगचा नसतो. आपण बॉलच्या मागे धावतो आणि बॉल जिथे येणार ती जागा मोकळी सोडतो.

खालची बटणं प्लेस्टेशनच्या मूळ मांडणीप्रमाणे आहेत. एक्सबॉक्सवर एल२, आर२, आर१, एल१ च्या जागी एलटी, आरटी, आरबी, एलबी आणि त्रिकोणाच्या जागी वाय समजा.

सेंटर बॅक घेऊन विंगरवर धावून जाणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा ७८ वं मिनिट आहे, तुम्ही २-१ ने पुढे आहात. समोरच्याने उजव्या विंगरला बॉल दिला आणि तुमचा लेफ्ट बॅक मागे पडला. घाबरून तुम्ही जवळचा सेंटर बॅक (गोलसमोरचा मधला डिफेंडर) घेता आणि आर२, म्हणजे वेगाने धावण्याचं बटण, दाबून सरळ विंगरवर सोडता. तो पेनल्टी बॉक्सच्या कडेला पोचेपर्यंत विंगर गोललाइनपाशी गेलेला असतो. आता मधे उरला एकच सेंटर बॅक, आणि तो जवळच्या पोस्टकडे ओढला जातो. पेनल्टी स्पॉटवर स्ट्रायकर एकटा. खालून पास, पहिल्याच टचला शॉट, २-२. त्याने नवीन काहीच केलं नाही, दार तुम्ही उघडून दिलंत.

अशा वेळी सेंटर बॅकला हात लावू नका. विंगरला बॉल मिळताच उजव्या स्टिकने सीडीएम (डिफेंडरांच्या पुढे उभा राहणारा बचावात्मक मिडफिल्डर) निवडा आणि त्याला घेऊन थेट पेनल्टी स्पॉटकडे, म्हणजे गोलपासून ११ मीटरवर, पळा. तिथे पोचण्याच्या दोन पावलं आधी आर२ सोडा, एल२ धरा आणि विंगर व स्ट्रायकर यांच्या मधल्या रेषेत उभे राहा. एल२ धरल्यावर खेळाडू बॉलकडे तोंड करून राहतो, त्यामुळे पास पायाशी आला की अडवता येतो. आर२ दाबून पळत असाल तर तोच पास बाजूने निसटतो. जागा बदलायची असेल तर एल२ आणि आर२ एकत्र.

मग विंगरचं काय? त्याला जवळच्या पोस्टवर मारू द्या. तो कोन इतका अरुंद असतो की गोलकीपर आणि पोस्टपाशी उभा सेंटर बॅक मिळून बहुतेक शॉट थोपवतात. दहातला एखादा जाईल, जाऊ द्या. कटबॅक मोकळा सोडलात तर हिशोब याच्या उलटा होतो.

आर१ सतत दाबून ठेवणं

आर१ ने दुसरा साथीदार आपोआप प्रेस करायला, म्हणजे बॉलवाल्यावर दबाव टाकायला, धावतो. नव्याने खेळणाऱ्यांना हे फुकटचं वाटतं, पण तो जिथून निघाला तिथे भगदाड पडतं. ठरावीक चालीने खेळणारा त्याचीच वाट पाहत असतो. एल१ धरून पास दिला की त्याचा पास देणारा खेळाडू पुढे धावतो, तुमचे दोघं बॉलवर आलेले असतात आणि परतीचा पास नेमका त्या भगदाडात पडतो. शिवाय ७० व्या मिनिटानंतर मिडफिल्डर दमून चालायला लागतात ते वेगळंच. आर१ फक्त समोरचा साइडलाइनला चिकटलेला असताना, सेकंदभर दाबा. मैदानाच्या मधोमध तर अजिबात नको.

बाकीच्या चुका

डोक्यावरून येणाऱ्या थ्रू बॉलवर (बचावामागच्या मोकळ्या जागेत टाकलेल्या पासवर) गोल खात असाल तर टॅक्टिक्समधली लाइनची उंची, म्हणजे बचावफळी किती पुढे उभी राहते ते, ७० वरून ४०-४५ वर आणा. त्याच्या मिडफिल्डरने मान वर केली की पास जायच्या आधीच सेंटर बॅकला दोन पावलं मागे घ्या. स्लाइड टॅकल विसरा. उभ्याने टॅकल करायची ती बॉल त्याच्या पायापासून सुटतो तेव्हाच. आधी मारलीत तर डिफेंडर अडखळतो आणि समोरचा निघून जातो. त्रिकोण दाबून गोलकीपर बाहेर काढायचा तो फक्त स्ट्रायकर एकटा घुसला आणि बॉल त्याच्यापासून लांब पडला तरच. कॉर्नर दरवेळी जवळच्या पोस्टवर येत असेल तर बॉल उडायच्या आधीच तिथला डिफेंडर हातात घेऊन ठेवा.

सेटिंगमध्ये ऑटो स्विचिंग (गेमने आपोआप खेळाडू बदलून देणं) ‘मॅन्युअल’ करा. पहिले आठ-दहा सामने त्रास होईल, चुकीचा खेळाडू हातात येईल. पण ऐन वेळी सीडीएम काढून घेऊन दुसराच हातात देणारं स्विचिंग सुरू ठेवून वरचं काहीच जमणार नाही. एफसी २५ पासून सीडीएमला ‘होल्डिंग’ भूमिका आणि ‘डिफेंड’ फोकस द्या. एफसी २४ किंवा आधीचा गेम असेल तर ‘स्टे बॅक’ आणि ‘कव्हर सेंटर’. कोणाच्या तरी व्हिडिओतला टॅक्टिक्स कोड (दुसऱ्याची तयार मांडणी आपल्या गेममध्ये आणणारा कोड) टाकून बचाव सुधारेल ही आशा सोडा. कोड खेळाडूंची मांडणी करतो. योग्य क्षणी आर२ वरून बोट काढणं तुम्हालाच शिकावं लागतं.

आणि घाई नको. सहा मिनिटांच्या हाफमध्ये खेळातली १५ मिनिटं म्हणजे घड्याळाची दोन. तेवढा वेळ बॉल हिसकायला न जाता नुसती चाल बघा: कोणत्या बाजूने येतो, आत वळतो की गोललाइनला जातो, कोणाकडे पास टाकतो. गोल खाल्लात तर रिप्ले उडवू नका. बॉल जाळ्यात जायच्या तीन सेकंद आधी सीडीएम कुठे होता तेवढं पाहा.

कटबॅक दोनदा अडला की तो दुसऱ्या चालीवर येतो. बहुतेकांकडे दुसरी एकच असते: बॉक्सच्या कोपऱ्यावरून आत वळून लांबच्या पोस्टवर फिनेस शॉट, म्हणजे बॉलला वळण देऊन मारलेला शॉट. तेव्हा त्याच्या भरवशाच्या पायाच्या बाजूला एल२ धरून उभे राहा आणि गोललाइनकडचा रस्ता मोकळा ठेवा. तो तिकडे वळला की पुन्हा सीडीएम, पुन्हा पेनल्टी स्पॉट.