घर घ्यायचं की भाड्यानं राहायचं? टोकन देण्याआधीचा हिशोब

बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. आधी लातूर, मग छत्रपती संभाजीनगर. समोरच्या खुर्चीतली माणसं बदलायची, वाक्य तेच असायचं: "मॅडम, भाडं वायाच जातं की. त्यापेक्षा हप्ता भरलेला बरा." मी विचारायचे, मग व्याज कोणाच्या खात्यात जमा होतं? माणूस हसायचा आणि फॉर्मवर सही करायचा.

यंदा हाच प्रश्न घेऊन माझा भाचा आला. वाळूजला कंपनीत पर्मनंट आहे, बजाजनगरात 8,000 रुपये भाड्यानं राहतो. बीड बायपासला तयार बिल्डिंगमधला दोन बेडरूमचा फ्लॅट त्याच्या मनात भरलाय. किंमत 32 लाख. त्याच बिल्डिंगमध्ये तसाच फ्लॅट भाड्यानं 9,500 ला मिळतो. त्याला वहीत मांडून दिलेला हिशोब इथे देते. आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

हप्ता आणि भाडं यांची तुलना करायची नाही. हप्त्यात मुद्दल असतं, ते तुमचंच. तुलना करायची ती परत न येणाऱ्या पैशाची. 25 लाखांचं कर्ज, 8.5 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत धरली तर हप्ता साधारण 21,700 बसतो. पहिल्या हप्त्यातले 17,700 व्याजात जातात, मुद्दलाला जेमतेम 4,000. पहिल्या वर्षाचं व्याज झालं 2 लाख 10 हजार. मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळून वर्षाचे 26 हजार धरा. शिवाय पदरचे 7 लाख आणि दस्ताचा, म्हणजे मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा, सव्वादोन लाख खर्च. हे पैसे एफडीत असते तर साडेसहा टक्क्यांनी 60 हजार आले असते, तेही गेले. बेरीज 2 लाख 96 हजार. भाडेकरूचे वर्षाला जातात 1 लाख 14 हजार. फरक 1 लाख 82 हजारांचा. म्हणजे फ्लॅटची किंमत वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास वाढली, तरच पहिल्या वर्षी बरोबरी होते.

वाढेल का तेवढी? शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीचं आणि समृद्धी महामार्गाचं नाव घेऊन एजंट हो म्हणणारच. माझं मत असं की आपल्याकडे भाव वाढतो तो जमिनीचा. पंधरा वर्षं जुन्या बिल्डिंगमधला, लिफ्ट बंद पडलेला तिसरा मजला विकायला काढलेल्या माणसाला विचारून बघा.

आता दुसरी बाजू. भाडं दरवर्षी वाढतं, हप्ता व्याजदर हलला तरच हलतो. वर्षाला 7 टक्के वाढ धरली तर आजचं 9,500 दहा वर्षांनी 18,700 होतं. म्हणून लांबचा मुक्काम असेल तर घराचं पारडं हळूहळू जड होत जातं. पण लांबचा म्हणजे किती? पाच वर्षं हप्ते भरले की 13 लाख भरून होतात आणि तरी 22 लाख देणं उरतं. तेवढ्यात विकायची वेळ आली तर दस्ताचा खर्च, एजंटची दलाली, फर्निचर सगळं बुडीत. सात-आठ वर्षं त्याच शहरात राहणार याची खात्री नसेल तर मी घर घेऊ नका असंच सांगते. झेडपीचे शिक्षक, महावितरणवाले, पोलीस यांनी तर हे दोनदा विचारावं. बदली झाली की परभणीत भाडं भरायचं आणि संभाजीनगरात हप्ता, असे कितीतरी जण मी पाहिलेत.

हातात किती रक्कम हवी हेही लोक कमी धरतात. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात बसत नाही, ते पदरचंच. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे इथे 1 लाख 92 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराची, किंमत यांत जी जास्त, तिच्यावर हे लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, इथे 32 हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. काम चालू असलेल्या बिल्डिंगला वर जीएसटी लागतो: 45 लाखांपर्यंतच्या आणि 90 चौरस मीटर कार्पेटच्या आतल्या घराला 1 टक्का, नाहीतर 5. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घराला तो नाही.

"टॅक्स वाचतो" हे कारण मात्र आता बाजूला ठेवा. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि घरभाडे भत्त्याची सूटही नाही. भाच्याच्या पगारावर तर तिथे करच बसत नाही.

उत्पन्न धरताना आपल्याकडची एक खोड आहे. "गावाकडं पाच एकर आहे मॅडम, सोयाबीन निघालं की भरू." सोयाबीन वर्षातून एकदा निघतं, भाव पडला तर घरातच पडून राहतं, हप्ता दर महिन्याला खात्यातून कापला जातो. उलट बहुतेक पोरं जूनमध्ये बापाला बियाण्या-खताला पैसे पाठवतात, आणि त्याच महिन्यात शाळेची फी असते. भाच्याचा हातात येणारा पगार 48 हजार. त्याची बायको इंग्रजी शाळेत शिकवते. तिचा पगार सुट्टीत थांबतो, म्हणून मी तो धरलाच नाही. 21,700 म्हणजे पगाराच्या 45 टक्के झाले. मला 40 च्या वर गेलेलं आवडत नाही.

मग त्याला तालीम करायला लावली. घर घेतलंय असं समजायचं आणि आजचं भाडं वजा करून उरलेला हप्ता, वर मेंटेनन्सचे दोनेक हजार, म्हणजे महिन्याला साधारण 15,700 रुपयांची आरडी लावायची. पगाराच्या दिवशीच कापली गेली पाहिजे. आणि तालमीत जून आलाच पाहिजे. दिवाळी ते संक्रांत कोणीही निभावून नेतं. जूनमध्ये आरडी मोडावी लागली तर 25 लाखांचं कर्ज तुमचं नाही, 18-20 लाखांचं आहे. नाही मोडली तर पदरची रक्कम तेवढी वाढली.

त्याच्यावरचा खरा दाब वेगळाच होता. धाकट्या भावासाठी स्थळं बघणं चालू आहे, आणि मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात: शहरात स्वतःचं घर आहे का? "मावशी, गावाकडं लई बोलतात बघ, दहा वर्षं झाली अजून भाड्यातच म्हणून." हा दाब खोटा नाही, त्याला हसण्यात अर्थ नाही. फक्त तो किती रुपयांचा आहे ते माहीत असावं. वर काढलाय, वर्षाचे 1 लाख 82 हजार. तेवढे देऊन घरातली शांतता मिळत असेल आणि झेपत असेल, तर द्या की.

आता पाणी. पुण्याचा माणूस हे मोजत नाही, आपल्याला मोजावंच लागतं. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. संभाजीनगराला जायकवाडीचं पाणी येतं, पण रोज नाही, आणि कडेच्या वसाहती बोअर आणि टँकरवर भागवतात. घर बघायला श्रावणात जाऊ नका, एप्रिल-मेमध्ये जा, सकाळी सातच्या सुमाराला. गेटवर टँकर उभा आहे का बघा. वॉचमनला विचारा बोअर किती फुटांचं आहे आणि कधी आटतं. सेक्रेटरीपेक्षा तो खरं सांगतो. मग सेक्रेटरीकडून मागच्या मार्च ते जूनची टँकरची बिलं मागा आणि फ्लॅटच्या संख्येनं भागा. निघेल तो आकडा मेंटेनन्समध्ये मिळवा. बिलं दाखवायला का-कू केली तर तेही उत्तरच आहे. भाडेकरू दुसऱ्या उन्हाळ्यात घर बदलतो, मालकाला ती सोय नाही.

फ्लॅट परवडत नाही म्हणून स्वस्त प्लॉटकडे वळलात तर कागद जपून बघा. संभाजीनगरात सातारा-देवळाई, पडेगाव, हर्सूलकडे पूर्वी कितीतरी प्लॉट नुसत्या बाँडवर, म्हणजे स्टँप पेपरवर लिहून, विकले गेले. बाँडवरच्या लिखाणानं मालकी येत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं खरेदीखत लागतं. गुंठेवारीतलं, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं, घर असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात आली, पण आपोआप नियमित कोणाचंच झालेलं नाही. ग्रामपंचायत हद्दीत "नमुना आठ आहे ना" म्हणून गप्प करतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही.

सातबारा महाभूमीच्या डिजिटल सातबारा पोर्टलवर 15 रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. वरच भूधारणा पद्धती लिहिलेली असते: वर्ग-1 असेल तर बरं, वर्ग-2 असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. मग उजवीकडचा 'इतर अधिकार' रकाना सावकाश वाचा. निजामाच्या काळातल्या मदतमाश, खिदमतमाश इनामाची नोंद, देवस्थान, वक्फ, कूळ यांतलं काहीही दिसलं की तिथेच थांबा आणि 1954 च्या खासरा पत्रकापासूनचे (जमिनीची जुनी नोंद) फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, वकिलाला दाखवा. सिडकोच्या घराला लीजहोल्ड (जमीन भाडेपट्ट्यानं) की फ्रीहोल्ड (जमीन मालकीची) हे विचारा. फ्लॅटला महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी देणारं) बघा.

एक सवलत तपासायची राहू नये. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये वर्षाला 9 लाखांपर्यंत उत्पन्न, घर 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल तर एकूण 1 लाख 80 हजारांपर्यंत व्याज अनुदान मिळू शकतं, पाच वार्षिक हप्त्यांत. अट अशी की तुमच्या, बायकोच्या किंवा अविवाहित मुलांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. गावातल्या घराच्या वाटणीत तुमचं नाव चढलंय का, हे अर्ज करण्याआधी बघून घ्या.

भाड्यानंच राहायचं ठरलं तर नीट राहा. अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्या. ती जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. लातूरला क्लासेसच्या भागात राहत असाल तर करार जूनमध्ये संपेल असा करू नका, तेव्हा पोरांच्या गर्दीनं भाडी चढलेली असतात. आणि हप्त्यातला वाचलेला फरक खरंच बाजूला पडत नसेल, तर वरचा सगळा हिशोब कागदावरच राहील. अशा माणसानं घर घेतलेलंच बरं. हप्ता त्याच्याकडून सक्तीनं बचत करून घेतो.

भाच्याची आरडी चालू आहे, आणि 26-27 लाखांतलं काही मिळतं का तेही तो बघतोय. टोकन द्यायची वेळ आलीच तर चेकनं द्या, आणि पावतीवर लिहून घ्या: कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत. रेराच्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांच्या वर घेताच येत नाही.